साठ मिनिटं

आमच्या खात्यात साठ हा आकडा खोटा होता आणि ते सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना म्हणजे आम्हा चार टेक्निशियनना. डॉक्टरांना माहीत नव्हतं, कारण डॉक्टर इंजेक्शनच्या खोलीत फिरकत नाहीत. यंत्राला माहीत नव्हतं, कारण यंत्राला आम्ही सांगू तेवढंच कळतं.

कोल्हापुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी पेट स्कॅन काढते. काम सोपं आहे. पेशंटच्या शिरेत किंचित किरणोत्सारी साखर टोचायची, त्याला मंद उजेडाच्या खोलीत गप्प पडून राहायला सांगायचं आणि साखर अंगात मुरली की फोटो घ्यायचा. कॅन्सरच्या पेशी अधाशी असतात. त्या साखर ओढून घेतात आणि फोटोत पेटलेल्या दिसतात. पुस्तकात लिहिलंय की इंजेक्शननंतर साठ मिनिटांनी फोटो घ्यावा. याला कारण आहे. गाठ साखर ओढतच राहते, त्यामुळे चाळीस मिनिटांनी फिकी दिसणारी गाठ दीड तासाने लखलखीत दिसते. ज्या यकृताशी तिची तुलना करायची, ते मात्र तोवर फिकं पडायला लागलेलं असतं. म्हणजे घाई केली तर आजार आहे त्यापेक्षा बरा दिसतो आणि उशीर केला तर आहे त्यापेक्षा वाईट.

पण मशीन एक आणि दिवसाला माणसं वीस-बावीस. एखाद्याला ऐन वेळी लघवीला लागते, एखादी घाबरून टेबलावरून उठते, कुणी ट्रस्टींचा मेहुणा निघतो. वशिल्याचा माणूस चाळीस मिनिटांत टेबलावर जायचा आणि बिनवशिल्याचा शंभर मिनिटं पडून राहायचा. 'इंजेक्शनची वेळ' या चौकटीत आम्ही फोटो सुरू झालेल्या वेळेतून साठ वजा करून भरायचो. तपासणीला येणारी मंडळी सगळीकडे साठ बघून खूश व्हायची आणि चहा पिऊन जायची. आमचा सीनियर शिरीष, त्याने मला पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं. "तेजल, साठ लिही आणि सुखी राहा," म्हणाला. आठ वर्षं मी सुखी होते.

मग यंत्र आलं, म्हणजे स्कॅन वाचून निकाल सांगणारा संगणक. आमच्या आठ वर्षांतल्या अकरा हजार निवडक स्कॅनवर त्याला शिकवून तयार केलं होतं.

लिम्फोमा हा पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. मानेत, काखेत, पोटात गाठी होतात. केमोथेरपीचे सहा डोस असतात आणि दोन डोस झाले की मध्येच एक स्कॅन काढतात, औषध लागू पडतंय का ते बघायला. पूर्वी डॉक्टर नजरेनेच गाठीला एक ते पाच गुण द्यायचे आणि पुढचं दबक्या आवाजात बोलायचे. यंत्र दबकत नाही. पहिला स्कॅन आणि मधला स्कॅन ते ठिपक्याला ठिपका लावून ताडून बघतं आणि दोन वर्षांनी हा माणूस बरा असण्याची शक्यता शंभरात किती, ते सांगून मोकळं होतं. त्या आकड्यावरून निकालाचा रंग ठरतो. हिरवा आला तर औषध उत्तम लागू आहे, चार डोसांत थांबा. पिवळा आला तर हे औषध पुरणार नाही, पेशी-उपचार द्या. म्हणजे माणसाच्याच पेशी काढून, त्यांना गाठ ओळखायला शिकवून परत अंगात सोडायच्या. लाल आला तर कशाचाच उपयोग नाही, घरी न्या. पेशी-उपचाराच्या जागा मोजक्या, म्हणून हा लाल. परिपत्रकात त्याला 'सांत्वन-मार्ग' असं नाव आहे. हे नाव ज्याने शोधलं त्याला एकदा आमच्या बाहेरच्या बाकड्यावर आणून बसवायला हवा.

खात्यात या निकालाला सगळे कौल म्हणतात. ते नाव माझं. मी सावंतवाडीपलीकडच्या एका गावच्या गुरवाची मुलगी. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतात आणि प्रश्न विचारून वाट बघतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझे वडील, सदानंद राऊळ, चाळीस वर्षं लोकांना कौल लावून देतात. सहासष्टाव्या वर्षी त्यांच्याच पोटात गाठ निघाली. आई नाही, भाऊ नाही. जे काही होतं ते आम्ही दोघंच.

दोन डोस झाले आणि मधल्या स्कॅनला मी त्यांना आमच्याच हॉस्पिटलात आणलं. दुसऱ्या दिवशी गावची जत्रा होती. त्यांना पावणेदहाची एसटी गाठायचीच होती. आठला मी स्वतः त्यांना इंजेक्शन दिलं. शेजारच्या खाटेवर रेखा चौगुले नावाच्या गडहिंग्लजकडच्या बाई होत्या, वय एकावन्न, तोच आजार, त्यांचेही दोन डोस झालेले. त्यांचं इंजेक्शन सात चाळीसचं. म्हणजे आठ चाळीसला टेबल त्यांचं आणि बाबांचं त्यांच्यानंतर, सव्वानऊला.

त्या खोलीत बोलायला बंदी असते. बोललं की जिभेचे न् घशाचे स्नायू साखर खातात. पण बाबांना कोण गप्प बसवणार? मी आत गेले तर जत्रेची सगळी हकिकत त्या बाईंना सांगून झाली होती.

"तेजल, वडिलांना आधी घे," शिरीष मागून म्हणाला. "आपल्या माणसाला काय रांगेत ठेवायचं?"

मी घुटमळले. तर रेखाबाईच पडल्या पडल्या म्हणाल्या, "घ्या की त्यास्नी आदी. देवाच्या कामाला जायाचं हाय त्यांना. मी काय, निवांत पडलोय."

"बघ गो," बाबा म्हणाले, "माणुसकी आसा अजून."

आठ चाळीसला मी बाबांना टेबलावर घेतलं. त्यांच्यानंतर सव्वानऊला रेखाबाई. चाळीस मिनिटं आणि पंच्याण्णव मिनिटं. दोन्ही चौकटींत मी साठ लिहिले. हात सवयीने चालतो, त्यात विचार नसतो. बाबांना एसटी मिळाली.

शनिवारी निकाल आले. बाबा हिरवे, शंभरात एक्याण्णव. मी पडद्यासमोर रडले. शिरीषने पेढे मागवले. तोंडात पेढा असतानाच मी यादी खाली सरकवली आणि रेखा चौगुले दिसल्या. लाल, शंभरात अकरा.

मला दोन आकडे आठवले : चाळीस आणि पंच्याण्णव.

इंजेक्शन देणारा पंप स्वतःपुरती वेळेची नोंद ठेवतो. ती कधी कुणी काढत नाही. मी काढली. मग शिरीष घरी गेल्यावर चाचणीच्या संगणकावर दोघांचे स्कॅन पुन्हा घातले आणि खऱ्या वेळा भरल्या. वाटलं, यंत्र हिशेब सुधारून घेईल. पण त्याने जन्मात साठाशिवाय आकडा पाहिला नव्हता, तो आम्हीच पाहू दिला नव्हता. दोघांच्याही नावापुढे एकच ओळ आली : 'वेळ ओळखीच्या मर्यादेबाहेर. निष्कर्ष देता येत नाही. पुन्हा स्कॅन करा.'

म्हणजे बाबा हिरवे आहेत की नाहीत, हे कुणालाच माहीत नव्हतं. कदाचित हिरवेच असतील. कदाचित पिवळे असतील, आणि मग चार डोसांत थांबणं म्हणजे गाठीला मोकळं रान देणं. उलट रेखाबाई कदाचित लाल नसतीलच. कळायचा मार्ग एकच होता : परत स्कॅन, आणि तोही गुरुवारच्या आत. गुरुवारी बाबांचा तिसरा डोस होता. तो अंगात गेला की दोन डोसांनंतरचं चित्र कायमचं पुसलं जाणार होतं.

परत स्कॅनचे रस्ते दोन. एक, डॉक्टरांची सही आणि लेखी कारण. दुसरा, पेशंटने स्वतः अर्ज करायचा. एकदा तसा हक्क आहे, कारण विचारत नाहीत. हा हक्क परिपत्रकाच्या नवव्या पानावर आहे आणि तो कुणी पेशंटला सांगत नाही.

खरं बोलायचं तर कॅन्सर विभागाच्या प्रमुख डॉ. हेब्बाळकर मॅडमच्या दारात जाऊन उभं राहायचं होतं. मॅडम, वेळ खोटी आहे. ही खोटी, तीही खोटी, अकरा हजार खोट्या. माझं लायसन्स गेलं असतं, शिरीषचंही. मला भीती वाटली. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही नाही. मी दुसरा रस्ता धरला आणि रविवारी गावी गेले.

बाबा देवळात समया घासत बसले होते. दोन डोसांनी केस गेलेले, पण चेहऱ्यावर जत्रा पार पडल्याचा उजेड होता. हिरव्याची बातमी मी फोनवर सांगितली होती आणि ती गावभर झाली होती.

"बाबा, एकदा परत स्कॅन करूया," मी म्हटलं. "तुम्ही अर्ज द्यायचा. सही केली की झालं."

"कित्याक?"

"खात्रीसाठी."

त्यांनी समई खाली ठेवली. "गो बाय, देवाक एक गोष्ट एकदाच विचारूची असता. बरो कौल मिळालो म्हणान परत विचारूक गेलास, तर ता देवाक तपासून बघण्यासारख्या होता. चाळीस वर्सा मी लोकांका हेच सांगत इलंय. आता माझ्या जीवाची पाळी इली म्हणान नियम मोडू?"

"हा देव नाही बाबा, मशीन आहे."

"तूच कौल म्हणतंस मां तेका?"

ते माझ्याकडे बघत राहिले. माणसं प्रश्न घेऊन येतात तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघूनच अर्धं ओळखायची त्यांना सवय.

"पैलो कौल नीट लागलो नाय काय?" त्यांनी विचारलं. "तसा आसात तर गोष्ट येगळी. पाषाण पुसूक रवलो, पाकळी सुकलेली होती, कोणी मदीच शिवलो, तर तो कौल धरूचो नसता. मगे परत लावचोच लागता. तेत लाज कसली? खरा सांग."

एवढं सोपं होतं. ते स्वतःहून दार उघडून बाजूला उभे होते. बाबा, माझं चुकलं, वेळ झाली नव्हती, असं म्हणायचं आणि कागद पुढे करायचा. पण कालपासून गावभर 'राऊळाच्या चेडवान बापाशीक वाचवल्यान' अशी लेकीच्या कौतुकाची बोलणी चालली होती, आणि ते ऐकताना बाबांची मान कशी ताठ होत होती ते मी आल्यापासून पाहिलं होतं.

"नीटच लागला," मी म्हटलं.

"मगे झाला तर," म्हणून त्यांनी समई पुन्हा हातात घेतली.

रेखाबाईंचा विचार मी बाबांच्या नंतर केला, हेही लिहून टाकते. बाबांनी सही केली असती तर मी त्यांनाही नववं पान सांगणार होते, असं तेव्हा स्वतःला समजावलं होतं. बाबांनी नाही म्हटल्यावर तेही राहिलं. सोमवारी रेखाबाईंचा नंबर फाइलमधून काढून मोबाइलवर दोनदा दाबला आणि दोनदा पुसला. बुधवारी त्यांचा थोरला मुलगा वेदनेच्या गोळ्यांची पिशवी घेऊन आमच्या दारावरून गेला. मी ओळख दाखवली नाही.

गुरुवारी बाबांना तिसरा डोस दिला, पुढे जानेवारीत चौथा, आणि उपचार संपले. होळीला ते पालखीपुढे चालले. मी रजा घेऊन गेले होते. त्यांना चालताना बघून मला वाटलं, सुटलो. वाईट माणसाचंही कधी कधी बरं होतं की.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं पोट दुखायला लागलं. मी ताबडतोब आणलं. या वेळी इंजेक्शनपासून घड्याळ हातात धरून बसले आणि मोजून साठाव्या मिनिटाला फोटो घेतला. यंत्राची गरजच नव्हती. पोट, छाती, मणके, सगळं पेटलं होतं.

"पेशी-उपचार?" मी मॅडमना विचारलं.

"हिरव्या कौलाच्या माणसाला वर्षभर पिवळी यादी बंद असते, तेजल. तुला नियम माहीत आहे." त्या हळूच म्हणाल्या. "आणि वर्ष त्यांच्याजवळ नाही. नवल आहे. एक्याण्णववाला इतक्या लवकर उलटलेला मी पाहिला नव्हता."

तेव्हा मी सांगितलं. चाळीस, पंच्याण्णव, पंपाची नोंद, साठ, इतकी वर्षं. मॅडमनी उठून दार लावून घेतलं. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लाल किती दिले असतील आपण?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षांत तीनशे चौदा."

"त्यातले उशिरा टेबलावर गेलेले?"

"पंपाच्या नोंदी सहा महिन्यांच्याच राहतात, मॅडम. आधीचं आता कुणालाच सांगता येणार नाही."

त्यांनी समिती नेमायला लावली. समितीने यंत्र बंद केलं नाही, कारण बंद केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाकड्यावर बसलेल्यांना काय सांगायचं, हे समितीतल्या एकालाही सुचलं नाही. वेळ काळजीपूर्वक भरावी, असं सूचनापत्र निघालं. आम्ही चौघांनी त्याच्यावर सह्या केल्या. माझी चौकशी अजून चालू आहे.

बाबांना मी गावी नेलं. पडवीत खाट टाकली. ते दिवसेंदिवस लहान होत गेले. एका दुपारी पेज भरवताना त्यांनी सहज विचारलं, "हिरवो इल्लो मां गो? मगे असा कसा झाला?"

चमचा वाटीत ठेवून मी सगळं सांगितलं. समया घासत होते त्या दिवसासकट. सांगताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी पेजेकडे बघून बोलत होते.

त्यांनी पेजेची वाटी हाताने बाजूला सारली. मग म्हणाले, "ह्या तेव्हाच सांगूक होया होता."

"हो."

"मी इल्लंय असतंय. त्याच एसटीन."

"हो बाबा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. तर तसेच मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "ती बाई. जिना आपलो नंबर माका दिल्यान. तिका काय कौल लागलो?"

"लाल."

"माझ्यामुळा?"

"माझ्यामुळे."

"आसा ती?"

"माहीत नाही."

"फोन लाव."

घरात रेंज नसते. मी अंगण ओलांडून बांधापर्यंत गेले. नंबर या वेळी पुसला नाही. मुलाने उचलला. मी हॉस्पिटलचं नाव सांगितलं आणि रेखाबाई कशा आहेत विचारलं.

"आई? आई चैत्रातच गेली की," तो म्हणाला. "आता कशाला फोन केलासा?"

त्यानेच पुढे सांगितलं. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"तुमी घरी न्या म्हटलासा तवा गाठ उतरत आल्ती ओ. मानंवर हात लावला की कळायचं. आई म्हणायची, अजून एक इंजेक्शन द्या म्हणावं, मला गुण येतोय. मीच तिला गप केलं. म्हटलं, मशीन सांगतंय ते काय खोटं असतंय? माघारी दोन महिन्यांत परत वाढली."

"माझं चुकलं," मी म्हटलं. त्याला ते नुसतं हळहळणं वाटलं असावं. "तुमचं काय चुकलं त्यात, ताई," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मी बांधावर उभी राहिले. तिथून पडवी दिसत होती. बाबांनी मान वळवून माझ्याकडे तोंड केलं होतं. चालत परत जाईपर्यंत मी ठरवत होते की सांगायचं. आता तरी एकदा पूर्ण खरं सांगायचं. खाटेपाशी आले आणि त्यांचे डोळे पाहिले.

"काय म्हणाले?"

"बऱ्या आहेत, बाबा."

"खरा?"

"हो. गाठ उतरली म्हणे. मशीनचंच चुकलं होतं."

त्यांच्या छातीतून मोठा श्वास निघाला. कितीतरी दिवसांत ते हसले नव्हते, ते हसले. "बघ, देवान तिका राखल्यान. मगे तुझ्यावर मोठो दोष नाय गो. माझा काय, माझा झाला वय."

त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला. हाडंच लागली हाताला.

"एक काम करशीत माझा?" ते म्हणाले. "मी गेल्यावर तिका एकदा हय घेऊन ये. देवळात. गावची जत्रा तिना बघूक होई. तिची ओटी भर माझ्या नावान. खण, नारळ, सगळा नीट कर. करशीत मां?"

"करीन," मी म्हटलं.